रस्त्यावरची भक्ती: तिची हद्द कुठे असावी आणि ती कोणी ठरवावी?

पेठकर (प्रश्न)

आमचे घर पुण्याच्या एका जुन्या पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, अगदी रस्त्याच्या अंगाला आहे. गेल्या वर्षी वडिलांची हृदयशस्त्रक्रिया झाली. ते घरी आले त्याच्या पुढच्याच आठवड्यात आमच्या खिडकीखाली गणपतीचा मांडव उभा राहिला. मांडव दरवर्षीच घातला जातो आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. उलट कॉलेजात असताना मी याच मंडळाचा खजिनदार होतो, वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन आळीतले सगळे जिने चढलो-उतरलो आहे आणि विसर्जनाच्या रात्री अलका चौकापर्यंत नाचत गेलो आहे.

स्थापनेच्या दिवशी दुपारी मिरवणूक आली तेव्हा तिच्यासोबत ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत होती. ती आमच्या दारासमोर पाऊण तास थांबली. स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलचे डबे आहेत. त्यांची झाकणे एका लयीत थडथडू लागली. वडिलांनी कानातले श्रवणयंत्र काढून माझ्या हातात दिले, छातीवरच्या टाक्यांवर तळवा धरला आणि म्हणाले, "यंत्र काढले तरी इथे ऐकू येते आहे." त्याच संध्याकाळी आठ वाजता खाली आरती सुरू झाली. टाळ, झांज आणि पन्नास-साठ माणसांचे आवाज, एवढेच होते. वडिलांनी पाठीशी उशी लावायला सांगितली आणि शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत ते पलंगावर बसून टाळ्या वाजवत राहिले. आजारपणात त्यांचा चेहरा इतका निवलेला मी पाहिला नव्हता.

त्या रात्री पुन्हा भिंत वाजू लागल्यावर मी ११२ क्रमांकावर फोन लावला आणि पलीकडून आवाज येताच ठेवून दिला. सकाळी खाली उतरल्यावर ज्यांच्या तोंडाकडे पाहायचे ती सगळी माझ्या ओळखीची मुले आहेत.

माझे एक सहकारी म्हणतात की धर्म उंबरठ्याच्या आत ठेवावा, रस्ता सर्वांचा असल्याने तेथे कोणाचाच देव नसावा. हे ऐकायला स्वच्छ वाटते, पण मला पटत नाही. असे ठरवले तर ज्येष्ठ महिन्यात नाना आणि भवानी पेठांत मुक्कामाला येणाऱ्या पालख्यांचे काय करायचे? वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेचे, मोहरमच्या ताबुतांचे, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणाऱ्या जनसागराचे काय करायचे? हे सगळे घरात कोंडल्यावर उरेल ते गाव मला माझे वाटणार नाही. आणि तरीही ती स्पीकरची भिंत मी भक्ती म्हणून मान्य करू शकत नाही. "सगळे बंद करा" आणि "दहा दिवस सहन करा" ही दोन उत्तरे मला ठाऊक आहेत. या दोहोंच्या मध्ये रेघ कुठे आखावी आणि ती कोणी आखावी, याविषयी जाणत्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

कायद्याची वही

आपल्या सहकाऱ्यांचे मत हा आपल्या देशाचा कायदा कधीच नव्हता, हे आधी सांगतो. १९२४ मध्ये उत्तर भारतातल्या एका गावच्या शिया-सुन्नी वादात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला की प्रत्येक पंथाला सार्वजनिक रस्त्यावरून आपली धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क आहे; मात्र इतरांच्या रस्त्याच्या नेहमीच्या वापरात तिने अडथळा आणता कामा नये आणि दंडाधिकाऱ्यांनी घातलेल्या वाजवी अटी पाळल्या पाहिजेत. शंभर वर्षे झाली, तरी आपला विचार याच चौकटीत चालतो. घटनेच्या २५व्या अनुच्छेदाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. आरोग्य हा शब्द त्या अनुच्छेदात पहिल्या दिवसापासून आहे, हे आपल्या वडिलांच्या संदर्भात लक्षात घ्यावे.

आवाजापुरते बोलायचे तर २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते आणि गणेशोत्सवातले काही दिवस त्यातूनच मिळतात. पण इथे लोकांचा नेहमी एक गैरसमज होतो. सवलत फक्त वेळेची आहे. डेसिबलची मर्यादा त्या दिवसांतही कायम असते. दुपारी दोन वाजता वाजलेली भिंत वेळेच्या नियमात बसते, म्हणून ती कायदेशीर ठरत नाही.

न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. २००० मध्ये चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला आणि ध्वनिक्षेपकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही, असे स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने तेच पुन्हा सांगितले, आणि तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी असाही निर्देश दिला. म्हणजे आपण ठेवून दिलेला फोन आपण निर्धास्तपणे करू शकत होता, निदान कागदावर तरी.

रस्त्यावरच्या बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. रस्ता, उद्यान अथवा कोणत्याही सार्वजनिक जागेत मंदिर, मशीद, चर्च किंवा गुरुद्वारा यांचे नवे अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचे नाही, असे त्यात आहे. माझ्या अनुभवात वर्षातून दहा दिवस येणाऱ्या मांडवापेक्षा, पदपथावर एका रात्रीत उगवणारा आणि पाच वर्षांत टाइल्स, ग्रिल व दानपेटीसह स्थिरावणारा चौथरा अधिक त्रासाचा असतो. मांडव निघून जातो. चौथरा हटवायला गेलात तर दंगलीची भीती घातली जाते.

कायदा पुरेसा आहे. तो पाळून घेण्याची इच्छा कमी पडते.

दिंडीतला

मी एकोणीस वर्षे माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी जातो. त्यामुळे आपल्या प्रश्नातला "रस्ता" हा शब्द मला फार जवळचा आहे. वारकऱ्याचे देऊळ वर्षातले अठरा-वीस दिवस रस्ताच असते.

महाराष्ट्रात भक्ती रस्त्यावर का आली, याचे एक कारण असे की देवळाचे दार सर्वांना उघडे नव्हते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. जिवंतपणी ज्याला आत घेतले नाही त्याच्या समाधीलाही जागा मिळाली ती बाहेरच. विठ्ठलाचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे दार उघडले. त्याआधी कित्येक शतके आत न जाणारा माणूसही वाळवंटात आणि वाटेवर नाम घेऊ शकत होता. म्हणून "धर्म उंबरठ्याच्या आत ठेवा" असे कोणी म्हणाले की मला पहिल्यांदा हेच आठवते, की उंबरठ्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे फार थोड्यांच्या हातात होता.

अर्थात रस्ताही आपोआप सर्वांचा झाला नाही, हे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच वर्षी रामनवमीच्या रथाला हात लावण्यावरून भर रस्त्यात दगडफेक झाली. रस्ता उघडा होता, पण रथाची दोरी उघडी नव्हती. वारीतही पूर्वी दिंड्यांमध्ये भेद होते आणि त्यांच्या खुणा पूर्ण पुसल्या गेल्या आहेत, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता आपल्या रेघेविषयी. संध्याकाळी पालखी तळावर पोहोचल्यावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या तळाभोवती उभ्या राहतात आणि हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार हातातला चोप उंच धरतात. त्या एका काठीसरशी सगळा तळ शांत होतो. लाऊडस्पीकर नाही, शिट्टी नाही, पोलीस नाहीत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र टाळ थांबवायचे नाहीत. त्या आवाजाच्या दिशेने चोपदार जातात, म्हणणे ऐकतात, आणि मगच तो टाळ थांबतो. हरवले-सापडलेले पुकारले जाते, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते, आणि नंतर आरती. पहिल्या वर्षी मी हे पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता आणि आजही येतो. एवढ्या मोठ्या समुदायाला गप्प कसे व्हायचे ते ठाऊक आहे, आणि ज्याची तक्रार आहे त्याचाच आवाज तेवढा ऐकू यावा, अशी तिथली रीत आहे. पेठकर, आपल्या आळीत नेमके याच्या उलटे घडले. ज्याची तक्रार होती त्यालाच फोन ठेवून द्यावा लागला.

म्हणून माझी रेघ अशी आहे: माणूस स्वतःच्या पायांनी चालतो, स्वतःच्या गळ्याने गातो, आणि थांबवले तर थांबू शकतो, तोवर त्याच्या भक्तीला रस्त्यावर जागा आहे. माणसाच्या गळ्याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. जनरेटरला ती नाही.

वारीत सगळे उत्तम आहे, असे मात्र समजू नका. पालखी पुढच्या गावी गेल्यावर मागे राहणारी घाण वर्षानुवर्षे त्या गावच्या लोकांनी सोसली. २०१५ पासून "निर्मल वारी"च्या उपक्रमातून तळांवर फिरती शौचालये ठेवली जाऊ लागली, तेव्हा फरक पडला. दिवे घाट बंद असतो त्या दिवशी सासवडच्या बाजूच्या माणसाला पुण्यात दवाखान्यात यायचे असेल तर किती वळसा पडतो, हे आमच्यापैकी फार थोड्यांच्या मनात येते. आणि पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंद करताना वाटेवरचे जुने वड गेले. त्यांच्या सावलीत आमच्या कित्येक पिढ्यांनी दुपारचा विसावा घेतला होता. भक्तीसाठी रस्ता मोठा केला आणि भक्ताची सावली गेली, याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

मांडवामागचा

मी मंडळाचा कार्यकर्ता आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. पेठकर, आपण स्वतः खजिनदार होता म्हणून आपल्याला हे समजेल.

आमच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात. सोसायट्यांना क्लबहाउस असते, पार्किंगची जागा असते, गच्ची असते. तिथला गणपती सोसायटीच्या फाटकाच्या आत बसतो, म्हणून तो कोणाला दिसत नाही आणि खुपतही नाही. आमच्या मुलांना रस्ता हेच अंगण आहे. लग्नाची हळद तिथे लागते, बारशाची पंगत तिथे बसते आणि दहाव्या-बाराव्याचे लोकही तिथेच खुर्च्या टाकून बसतात. देव तेवढा तिथे नको, असे म्हणणाऱ्याने आम्हाला दुसरी जागा दाखवावी. दरवर्षी सहा डिसेंबरला दादरला येणाऱ्या लोकांबद्दल गर्दीची आणि घाणीची तक्रार करणारे असतात. त्यांच्या बोलण्यातही मला हाच सूर ऐकू येतो. ज्यांच्याकडे खासगी जागा आहे त्यांना सार्वजनिक जागेतली दुसऱ्याची श्रद्धा अडचणीची वाटते.

१८९३ च्या सुमारास लोकमान्यांनी आणि त्यांच्या काळातल्या पुणेकरांनी घरातला गणपती चौकात आणला, तो एकत्र जमण्यासाठी. आजही आमच्या मंडळात एरवी एकमेकांच्या घरी न जाणारी माणसे दहा दिवस एकत्र राबतात. शॉर्टसर्किट झाले तर रात्री दोन वाजता कोणाला उठवायचे, रक्त लागले तर कोणाचा गट कोणता, हे आम्हाला तोंडपाठ असते, आणि ते याच मांडवात पाठ होते.

इतके सांगून झाल्यावर स्पीकरच्या भिंतीचे समर्थन मी करणार नाही. तिचे भाडे वर्गणीतून निघत नाही. ते कोणीतरी बाहेरून देतो आणि बदल्यात मांडवाच्या कमानीवर त्याचा फ्लेक्स लागतो. शेजारच्या मंडळाचा ठोका आपल्यापेक्षा जड असला की पोरांना कमीपणा वाटतो. चार वर्षांपूर्वी आमच्या बैठकीत मी भिंत बंद करण्याचा विषय काढला आणि तो कसाबसा मंजूर झाला. विसर्जनाला आम्ही बँजो आणि लेझीम ठेवले. त्या वर्षी आमची बावीस पोरे दुसऱ्या मंडळात गेली. त्यातली नऊ परत आली, बाकीची अजून आलेली नाहीत. आरतीला मात्र आता आजूबाजूच्या इमारतींतल्या बायका आणि म्हातारी माणसे खाली येऊन बसतात. आधी ती येत नसत आणि का येत नसत, हे आम्ही कधी विचारलेही नव्हते.

आपण पोलिसांना फोन करण्याआधी खाली यायला हवे होते, असे मला वाटते. पण आपण का आला नाहीत हेही मला समजते, आणि त्याची जबाबदारी आम्हा मंडळवाल्यांची आहे.

ध्वनिव्यवस्था

माझे काम सभागृहांत ध्वनिव्यवस्था बसवण्याचे आहे, म्हणून केवळ एक तांत्रिक बाब सांगतो. पेठकरांच्या वडिलांनी छातीत ऐकू येते असे म्हटले, ते अक्षरशः खरे आहे. ५० हर्ट्झच्या आसपासच्या ठोक्याच्या लहरीची लांबी सुमारे सात मीटर असते. असा आवाज खिडकी लावून अडत नाही. तो भिंतीतून, जमिनीतून आणि शरीरातून जातो. नियमांतील मर्यादा "ए" भारांकनाने मोजलेल्या डेसिबलमध्ये आहेत. हे भारांकन माणसाच्या कानाला अनुसरून खोल आवाजाची नोंद कमी धरते, आणि ५० हर्ट्झला ही घट जवळजवळ ३० डेसिबलची असते. म्हणजे पोलिसांच्या मीटरवर जो आकडा येतो त्यात झाकणे थडथडवणारा ठोका फार थोडा मोजलेला असतो.

शिवाय डेसिबलचे माप साध्या बेरजेने वाढत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, त्यामुळे ५५ ची मर्यादा असताना १०० वाजले तर ऊर्जा तीस हजार पटींहून अधिक झालेली असते. मंडळाशी बोलणार असाल तर "आवाज कमी करा" एवढेच म्हणू नका. बेसचे स्पीकर बंद ठेवा आणि उरलेले इमारतींकडून वळवून मांडवाच्या आत तोंड करून लावा, अशी नेमकी मागणी करा. आरती आणि भजनाला बेसची गरज नसते.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातला मुसलमान आहे. या चर्चेत बोलावे की नाही याचा दोन दिवस विचार केला, कारण आमच्यापैकी कोणी बोलले की लगेच तुलना सुरू होते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. मला तुलना जिंकायची नाही.

आमच्या भागात वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो, गेली चाळीसहून अधिक वर्षे. मोहरमला आमच्याकडच्या कितीतरी गावांत पंजे उचलणारे आणि ताबुतापुढे नवस फेडणारे बहुतांश हिंदू असतात. हे सगळे उघड्यावर, गावाच्या चावडीसमोर चालते. ही भक्ती चार भिंतींत गेली असती तर त्या भिंती वेगवेगळ्या झाल्या असत्या. त्यामुळे दिंडीतल्या दादांचे म्हणणे मला मनापासून पटते.

पण मी नोकरीनिमित्त मुंबईत राहिलो आहे, आणि तिथे शुक्रवारी मशीद अपुरी पडली म्हणून रस्त्यावर सतरंजी टाकून नमाज पढलो आहे. ती पंधरा-वीस मिनिटे माझ्या मनात देव असे आणि पाठीमागे थांबलेल्या बसचा हॉर्नही असे. हॉर्न वाजवणाऱ्याचा मला राग येत नसे, लाज वाटे. १९९२-९३ च्या त्या हिवाळ्यात रस्त्यावरच्या नमाजाला उत्तर म्हणून महाआरत्या झाल्या. तेव्हा मी लहान होतो, पण घरातल्या मोठ्यांचे खाली गेलेले आवाज आठवतात. त्या आरत्यांना जमलेल्या गर्दीतही खरेखुरे भाविक असतील, पण एका प्रार्थनेला उत्तर म्हणून दुसरी प्रार्थना उभी राहिली, की दोन्ही देवाकडे तोंड करून राहत नाहीत. भक्तीने रस्त्यावर यावे की नाही, याआधी ती कोणाला दाखवायला आली आहे हे पाहावे, असे मला त्या आठवणीमुळे वाटते.

भोंग्यांविषयीही सरळ लिहितो. अजान ही हाक आहे आणि मनगटावर घड्याळ नव्हते तेव्हा तिची गरज होती. २०२५ मध्ये मुंबईतल्या काही मशिदींनी अजान मोबाइलच्या अ‍ॅपवरून ऐकवायला सुरुवात केली, यात आमचे काही गेले असे मला वाटत नाही. माझी आई मात्र हळहळते, कारण तिची पहाट त्या आवाजाने व्हायची. नांदेड जिल्ह्यातल्या बारड गावाने २०१८ मध्ये ठराव करून सगळ्याच धर्मस्थळांवरचे भोंगे उतरवले. तिथे देवळे, मशीद, बुद्धविहार असे सगळे आहे. गावाने सर्वांसाठी एकदम ठरवले म्हणून कोणाला हार वाटली नाही. शहरांमध्ये तेच काम पोलिसांकरवी होते आणि बहुधा आमच्या मशिदीपासून सुरुवात होते, तेव्हा नियम तोच असूनही मन दुखते. पेठकर विचारतात की रेघ कोणी आखावी. ज्यांच्यावर ती पडणार आहे ते सगळे जेव्हा एकाच सतरंजीवर बसलेले असतात, तेव्हा आखावी.

पेठकर

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने उत्तरे येतील असे वाटले नव्हते.

या रविवारी मी मंडळाच्या बैठकीला गेलो. बावीस वर्षांनी त्या खोलीत पाऊल ठेवले. ध्वनिव्यवस्थावाल्यांनी सांगितल्याप्रमाणे बेस बंद ठेवण्याची आणि स्पीकरची तोंडे आत वळवण्याची मागणी मांडली. कायद्याची वही यांनी दिलेले आकडे खिशात लिहून नेले होते, पण ते बाहेर काढावे लागले नाहीत. अध्यक्ष म्हणजे माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलगा. त्याने आधी विचारले, "काका, गेल्या वर्षी का नाही सांगितले?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. श्रवणयंत्राची गोष्ट सांगितली तेव्हा दोघेतिघे खाली पाहू लागले. एकजण मात्र ठामपणे म्हणाला की स्थापनेच्या आणि विसर्जनाच्या मिरवणुकीला भिंत येणारच, पैसे आधीच दिले आहेत. यावर बरीच वादावादी झाली. शेवटी मिरवणूक आमच्या इमारतीसमोर थांबवायची नाही आणि त्या टप्प्यात फक्त ढोल वाजवायचे, एवढ्यावर एकमत झाले. भिंत पूर्ण जाणार नाही. आमच्यापुढच्या आळीत ती वाजेलच आणि तिथेही कोणीतरी अंथरुणावर असेल, हे मला टोचते आहे. त्या आळीच्या मंडळाकडे जाताना माझ्यासोबत येण्याचे अध्यक्षांनी कबूल केले आहे.

मांडवाची मागची बांबूची तिकाटणी दरवर्षी आमच्या जिन्याच्या तोंडाशी येतात आणि स्ट्रेचर बाहेर काढायला वाव राहत नाही, हेही बोललो. मांडव घालायच्या आदल्या दिवशी टेप घेऊन दोघांनी मिळून जागा मोजायची असे ठरले आहे. घरी येऊन वडिलांना सांगितले तर त्यांचा पहिला प्रश्न होता, "आरतीची वेळ तीच ठेवली आहे ना?"